मोटारीचा मुका पट्टा

संसारांतील बहुतेक वस्तु आपलें म्हातारपण आपण होऊन सांगतात. पितळी पातेल्याची कल्हई उडूं लागली कीं आंतलें पिवळें अंग दिसूं लागतें, आणि आमटी कळकण्यापूर्वींच घरांतील वडील माणसें कल्हईवाल्याची वाट पाहूं लागतात. विहिरीवरच्या दोराचे पदर सुटूं लागले म्हणजे ते हाताला कुसळासारखे बोंचतात. छपराचें कौल फुटलें तर पहिल्याच वळवाच्या सरीला जमिनीवर थेंब पडतो. अशा वस्तूंच्या बाबतींत दुरुस्तीची वेळ ठरविण्यास फारशी अक्कल लागत नाहीं. डोळे आणि हात शाबूत असले म्हणजे पुरे.

परंतु कांहीं वस्तु मुक्या असतात. शेवटच्या क्षणापर्यंत त्या निमूटपणें काम करतात आणि मग एकाएकीं, कसलीहि पूर्वसूचना न देतां, दगा देतात. घरोघरीं उभ्या असलेल्या मोटारींपैकीं पुष्कळांच्या पोटांत अशीच एक मुकी वस्तु आहे. तिला टायमिंग बेल्ट म्हणतात. हा दांतेरी पट्टा केव्हां बदलावा हा प्रश्न वरवर पाहतां मिस्त्रीचा वाटतो. पण आमच्या मतें तो घराच्या कारभाराचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच कुटुंबासाठीं निघणाऱ्या ह्या मासिकांत त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पट्ट्याचें काम

मोटारीच्या इंजिनांत दोन मुख्य दांडे असतात. खालच्या दांड्यास क्रँकशाफ्ट म्हणतात. सिलिंडरांत खालींवर होणाऱ्या दट्ट्यांच्या, म्हणजे पिस्टनांच्या, रेट्यानें तो फिरतो आणि अखेर चाकांना गति देतो. वरच्या दांड्यास कॅमशाफ्ट म्हणतात. त्याच्यावरील उंचवटे सिलिंडरांच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, ठराविक वेळीं उघडतात. ताजी हवा आंत केव्हां यावी आणि जळलेला वायु बाहेर केव्हां जावा, हें सर्व ह्या झडपांच्या उघडमिटीवर अवलंबून असतें. खालचा दांडा दोनदां फिरला कीं वरचा बरोबर एकदां फिरला पाहिजे, असा चार धावांच्या इंजिनाचा नियम आहे. म्हणून वरच्या चाकाला खालच्या चाकाच्या दुप्पट दांते असतात, आणि ह्या दोन चाकांना एकमेकांशीं बांधून ठेवणारा तो हा पट्टा. तो रबराचा असतो; आंत कांचतंतूंचे पीळदार दोर असतात, आणि दांत्यांवर झीज सोसणारें नायलॉनचें कापड असतें.

हें काम किती नाजूक आहे याची कल्पना एका साध्या हिशेबानें येईल. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर खालचा दांडा सेकंदाला ५० वेळां फिरतो, आणि प्रत्येक झडप त्याच एका सेकंदांत २५ वेळां उघडते व मिटते. एवढ्या वेगांत पट्ट्याचा एक दांता जरी सरकला, तरी सगळी ताळमेळ बिघडते.

मग पट्टा तुटला तर काय होतें? वरचा दांडा जागच्या जागीं थांबतो. कांहीं झडपा उघड्या राहतात. पण गाडीच्या वेगानें खालचा दांडा आणि त्याच्याबरोबर दट्टे मात्र फिरतच राहतात. पुष्कळ इंजिनांत झडप आणि दट्ट्या हीं दोन्हीं एकाच जागेचा पाळीपाळीनें उपयोग करीत असतात. जुन्या वाड्याच्या अरुंद जिन्यावर एक जण उतरून गेल्याशिवाय दुसऱ्यास चढतां येत नाहीं, तसाच हा प्रकार. पाळी चुकली कीं वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो. झडपा वांकतात, आणि प्रसंगीं दट्ट्यालाहि भोंक पडतें. डिझेलच्या इंजिनांत हवा फार दाबावी लागत असल्यामुळें मोकळी जागा जवळजवळ नसतेच, म्हणून तेथें हा धोका अधिक. उलट कांहीं इंजिनांची रचना अशी असते कीं पट्टा तुटला तरी दट्ट्या आणि झडप यांची गांठ पडत नाहीं. तेथें गाडी नुसती बंद पडते, आणि नवा पट्टा चढविला कीं पुन्हां चालूं लागते. आपली गाडी कोणत्या जातीची आहे, हें प्रत्येक गृहस्थानें माहितगार मिस्त्रीकडून एकदां तरी विचारून घ्यावें.

शिवणयंत्रांतून मोटारींत

ह्या पट्ट्याचें कुळ पाहूं गेलें तर तें आपल्या घरांतील एका ओळखीच्या यंत्रापर्यंत पोहोंचतें. इ. स. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत शिवणयंत्रांतील वरची सुई आणि खालची बॉबिन यांची वेळ चुकूं नये म्हणून दांतेरी पट्टा प्रचारांत आला. गुळगुळीत पट्टा चाकावरून थोडाफार सरकतो. दांते असलेला सरकत नाहीं, आणि लोखंडी साखळीसारखा आवाजहि करीत नाहीं, किंवा तेलहि मागत नाहीं. हे गुण पाहून मोटारी बांधणाऱ्यांनीं तो उचलला. जर्मनींत ग्लास कंपनीची १००४ ही मोटार १९६२ सालीं बाजारांत आली. कॅमशाफ्ट फिरविण्यास दांतेरी पट्टा वापरून मोठ्या प्रमाणावर तयार झालेली ती पहिली मोटार होय. पुढें १९६६ सालीं इटलींतील फियाटनें आणि अमेरिकेंतील पाँटिअ‍ॅकनेंहि तोच मार्ग धरला.

आपल्याकडील जुन्या अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी ह्या मोटारींत लोखंडी साखळी होती, त्यामुळें वडिलांच्या पिढीस ह्या पट्ट्याची चिंता ठाऊक नव्हती. १९८३ सालीं मारुति ८०० आली; तिच्या तीन सिलिंडरांच्या ७९६ सी. सी. इंजिनांत पट्टा होता. १९९८ सालीं आलेल्या ह्युंदाई सँट्रोंत तो होता, आणि २०१२ सालीं आलेल्या रेनो डस्टरच्या डिझेल इंजिनांतहि होता. त्यानंतर कांहीं कारखाने पुन्हां साखळीकडे वळले. मारुतीच्या के-मालिकेच्या इंजिनांत साखळीच आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर झडपाच नाहींत, मग पट्टा कोठून असणार? म्हणून पहिलें कर्तव्य हें कीं गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका कपाटांतून शोधून काढावी आणि आपल्या इंजिनांत पट्टा आहे कीं साखळी, हें पाहावें. साखळी असली तरी निर्धास्त राहूं नये. तिचें आयुष्य वेळच्या वेळीं बदललेल्या स्वच्छ तेलावर अवलंबून असतें. पण ती बहुधा झिजतांना खडखड करते, म्हणजे मुकी तरी नसते.

कांहीं नव्या इंजिनांत पट्टा तेलांतच बुडून चालतो. फोर्डच्या एक लिटरच्या इकोबूस्ट इंजिनांत अशी योजना होती, आणि २०१३ सालीं आलेल्या इकोस्पोर्ट गाडींतून तें इंजिन आपल्याकडेहि आलें. अशा गाडींत पुस्तिकेंत सांगितलें तेंच तेल आणि सांगितल्या वेळींच घातलें पाहिजे; अन्यथा पट्ट्याचें रबर कुजून त्याचे कण तेलाच्या गाळणींत अडकतात, आणि तेलावांचून सबंध इंजिनाचाच घात होतो.

किलोमीटर, महिने आणि ऊन

आतां मुख्य प्रश्न. पट्टा केव्हां बदलावा?

पुस्तिकेंत साधारणतः दोन आंकडे दिलेले असतात, एक अंतराचा आणि दुसरा काळाचा. त्यांपैकीं जो आधीं भरेल तो पाळावयाचा असतो. उदाहरणार्थ, जपानी सुबारू कंपनीनें अमेरिकेंतील आपल्या पुष्कळ मोटारींसाठीं १,०५,००० मैल किंवा १०५ महिने, म्हणजे पावणेनऊ वर्षें, अशी मुदत घातली होती. आपल्या लोकांची चूक होते ती येथेंच. आम्ही फक्त पहिला आंकडा वाचतों. निवृत्त गृहस्थांची गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालते. मुलगा परदेशीं असल्यानें त्याची गाडी पुण्याच्या घरीं आच्छादनाखालीं उभी असते आणि तो दिवाळीस आला म्हणजेच काय ती बाहेर निघते. "गाडी कोठें चालली आहे? तीस हजार तर झाले!" असें म्हणून सर्व जण निश्चिंत राहतात. परंतु रबर वापरानें जसें झिजतें, तसें नुसत्या काळानेंहि म्हातारें होतें. दहा-बारा वर्षांचा पट्टा असलेली, थोडी चाललेली गाडी ही भरपूर चाललेल्या गाडीहून अधिक विश्वासू समजण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट ऊन. होंडा कंपनीनें २००० सालानंतरच्या कांहीं वर्षांत आपल्या सहा सिलिंडरांच्या मोटारींच्या अमेरिकेंतील पुस्तिकांत पट्ट्याची मुदत १,०५,००० मैल किंवा ७ वर्षें दिली होती. पण त्याच पुस्तिकांत असेंहि बजावलें होतें कीं जेथें नेहमीं ४३ अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेंत गाडी चालवावी लागते, तेथें ती ६०,००० मैलांवर आणावी. आमच्या नागपूर-चंद्रपूरकडील वाचकांस ४३ अंशांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. होंडाचा आंकडा इतर गाड्यांस जसाच्या तसा लावूं नये. परंतु उष्णतेनें मुदत बरीच खालीं येते, हें तत्त्व मात्र सर्वांनीं लक्षांत ठेवावें.

तिसरी गोष्ट गर्दी. मीटरवर किलोमीटर मोजले जातात. पट्टा मात्र फेरे मोजतो. मोकळ्या रस्त्यांवर गाडी ताशीं सरासरी ४० किलोमीटर चालली आणि इंजिनाचे मिनिटाला सरासरी २,००० फेरे धरले, तर १ लक्ष किलोमीटरांस २,५०० तास लागतात आणि खालचा दांडा ३० कोटि वेळां फिरतो. तीच गाडी मुंबईच्या गर्दींत ताशीं सरासरी २० किलोमीटरांनीं चालली, तर तेवढ्याच अंतरास ५,००० तास लागतात. गर्दींत इंजिन मंद चालतें म्हणून फेरे मिनिटाला १,५०० च धरले, तरी एकूण ४५ कोटि होतात. म्हणजे मीटर तेंच, परंतु पट्ट्याचे श्रम दीडपट. म्हणून रोज शहराच्या गर्दींतून जाणाऱ्या गाडीच्या मालकानें पुस्तिकेंतील कठीण परिस्थितीसाठीं दिलेला आंकडा असल्यास तोच आपला मानावा.

कोणी विचारील कीं वरचें झांकण काढून पट्टा पाहिला तर नाहीं का चालणार? पाहण्यास हरकत नाहीं. भेगा, उसवलेल्या कडा, तुटका दांता किंवा तेलाचा ओलावा दिसला, तर मुदत उरली असली तरी पट्टा तत्काळ बदलावा. पण कांहीं दिसलें नाहीं म्हणून तो चांगला आहे, असें ठरवूं नये. अलीकडील पट्ट्यांचें रबर उत्तम असतें. आंतले दोर थकले तरी वरून तें गुळगुळीत दिसतें. तात्पर्य, पाहणी ही मुदत कमी करण्यास उपयोगी आहे, वाढविण्यास नाहीं.

याच्या उलट, भीतीपोटीं मुदतीच्या निम्म्यावरच पट्टा बदलण्याचा उतावीळपणाहि आम्हांस पसंत नाहीं. त्यांत पैसा व्यर्थ जातो, आणि इंजिन उघडण्याच्या प्रत्येक प्रसंगीं चुकीस एक नवी वाट मिळते. मुदतीचे नऊ दशांश भरले कीं दिवस ठरवावा, आणि लांबच्या प्रवासापूर्वीं काम उरकून घ्यावें, हा मध्यम मार्ग आम्हांस योग्य वाटतो.

सर्वांची गाडी

एकत्र कुटुंबांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. समजा, थोरल्या भावानें गाडी घेतली. मधला रोज कचेरीस तीच नेतो. धाकटा सुटींत कोंकणांत नेतो. पेट्रोल प्रत्येक जण घालतो, कांचा मुलें पुसतात, विम्याचा हप्ता कोणीतरी भरतो. पण सात वर्षांपूर्वीं गाडी घेतली तेव्हां पुस्तिकेच्या शेवटल्या पानांवर काय लिहिलें होतें, हें कोणाच्या ध्यानीं असणार? प्रत्येकास वाटतें कीं दुसऱ्यानें पाहिलें असेल. पेट्रोल संपत आलें कीं दिवा लागतो, टायर बसला कीं दिसतो. पट्ट्यासाठीं बहुतेक गाड्यांत कोणताहि दिवा लागत नाहीं. मग एके रात्रीं सूनबाईंना प्रसूतीसाठीं रुग्णालयांत नेतांना, किंवा आजोबांना घेऊन खंबाटकीचा घाट चढतांना, इंजिन एकाएकीं मुकाट होतें. पुष्कळ मोटारींत त्याच क्षणीं सुकाणू जड होतें, आणि ब्रेकला इंजिनाकडून मिळणारें साहाय्य दोन-चार वेळां दाबण्यापुरतेंच उरतें. खर्चाची गोष्ट बाजूस ठेवली, तरी घरांतील म्हाताऱ्या-कोताऱ्यांस अशा जागीं आणून सोडणें हें कोणत्याहि कर्त्या पुरुषास शोभणारें नाहीं.

घरांत आपण किती तरी तारखा बिनचूक सांभाळतों. वडिलांची श्राद्धतिथि, मुलांच्या लसी, विम्याचे हप्ते, घरपट्टी ह्यांपैकीं एकहि गोष्ट कोणाच्या दिसण्यावर किंवा आठवणीवर सोडलेली नसते. ती पंचांगावर किंवा वहींत लिहिलेली असते. टायमिंग बेल्टाची जागा ह्याच यादींत आहे. ज्या वस्तूला वाचा नाहीं तिची तारीख लिहून ठेवणें हाच एक उपाय. घरांत गाडीची स्वतंत्र वही असावी, ती एकाच माणसाच्या स्वाधीन असावी, आणि तो माणूस गाडी चालवणाराच असला पाहिजे असें नाहीं. आमच्या मतें घरखर्चाची वही ज्या बाई लिहितात त्यांच्याकडेच ही दिली, तर ती अधिक नेमानें लिहिली जाईल.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर नियम साधा आहे: पट्टा बदलल्याची पावती हातीं नाहीं, म्हणजे तो बदललेला नाहीं. "नुकताच बदलला आहे हो" ह्या विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर इंजिन सोंपवूं नये. आणि पावतींत "बेल्ट बदलला" एवढेंच असेल तर तेंहि पुरेसें नाहीं. इंजिनाच्या बाहेर दिसणारा, वीज तयार करणाऱ्या यंत्राला फिरविणारा पट्टा निराळा. त्यास लोक फॅन बेल्ट म्हणतात. तो स्वस्त असतो, लवकर बदलतां येतो, आणि पुष्कळदां चिरचिर करून आपली कैफियतहि सांगतो. टायमिंग बेल्ट झांकणाआड असतो. कोणता पट्टा, कोणत्या तारखेस, किती किलोमीटरांवर, हें पावतींत स्पष्ट असावें. उलट आपण स्वतः गाडी विकीत असूं आणि मुदत भरत आली असेल, तर तें घेणाऱ्यास सांगणें हा आपला धर्म आहे. "आतां विकावयाचीच आहे, मग खर्च कशाला?" असें म्हणून गप्प राहणारा माणूस आपला खर्च नव्हे, तर आपला धोका दुसऱ्याच्या कुटुंबावर ढकलीत असतो.

काम करून घेतांना

ह्या कामांत पट्ट्याची किंमत थोडी आणि मजुरी अधिक असते, कारण त्याच्यापर्यंत पोहोंचण्यास बरेंच कांहीं उतरवावें लागतें. म्हणून एकदां उघडलें कीं पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि वाटेंतील लहान चाकें हींहि त्याच वेळीं बदलावीं. पुष्कळ इंजिनांत पाण्याचा पंप ह्याच पट्ट्यावर फिरतो. तो जाम झाला तर नवा पट्टाहि फाडतो, म्हणून तोहि बदलणें शहाणपणाचें. दांड्यांच्या सीलांतून तेल पाझरत असेल तर सीलहि बदलावे, कारण तेल हें रबराचें वैरी आहे. सामान खऱ्या कारखान्याचें आहे याची खात्री करावी. बाजारांत हुबेहुब दिसणारें नकली सामान पुष्कळ असतें. पट्टा चढविल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वीं खालचा दांडा हातानें दोन पूर्ण फेरे फिरवून सर्व खुणा पुन्हां जुळतात कीं नाहीं, हें चांगला मिस्त्री पाहतोच; आपण तसें विचारलें तर त्यास राग येऊं नये. जुना पट्टा परत मागून घ्यावा, आणि बॉनेटच्या आंतल्या बाजूस तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.

मुदत चुकून पट्टा वाटेंतच तुटला, तर किल्ली पुन्हां पुन्हां फिरवून गाडी सुरू करण्याचा खटाटोप करूं नये. ज्या झडपा पहिल्या धक्क्यांत वांचल्या असतील त्या त्यानें वांकतात. गाडी ओढून न्यावी. एवढें होऊन झडपा, दट्टे आणि इंजिनाचें हेड दुरुस्त करण्याची पाळी आली, म्हणजे खर्च पट्टा बदलण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो. जुन्या गाडीच्या बाबतींत तर तो कित्येकदां गाडीच्या किंमतीलाच जाऊन भिडतो.

दसऱ्याच्या दिवशीं आपण मोटार धुऊन तिला झेंडूची माळ घालतों, हळदकुंकू वाहतों. ही चाल चांगली आहे आणि ती चालूं राहावी. त्याच दिवशीं माळ घालण्यापूर्वीं पुस्तिका उघडून पट्ट्याची मुदत वाचावी, मीटर पाहावें, आणि दोन्हीं आंकडे वहींत लिहावेत. ह्या कामास पांच मिनिटें लागतात, आणि वर्षांतून एकदां तीं खर्च करण्याइतकी सवड आमच्या प्रत्येक वाचकाच्या घरीं खात्रीनें आहे.